वाचकांचे प्रश्न : वह्या परत का आल्या?

प्रश्न : आमचं महिला मंडळ दर जूनमध्ये वाड्यांवरच्या मुलांना वह्या आणि छत्र्या देतं. घरोघरी जाऊन देतो, म्हणजे घरची परिस्थिती कळते आणि मुंबईच्या देणगीदारांना पाठवायला फोटो मिळतात. यंदा एका आईने वह्या परत केल्या. "वह्या नकोत नि माझ्या चुलीचा फोटोपण नको," म्हणाली. आम्हाला फार लागलं. माझी मुलगी इंग्रजीत एम.ए. करते. ती म्हणाली, "आई, तुम्ही डिकन्सच्या मिसेस पार्डिगलसारख्या वागलात." ही बाई कोण? आणि आमचं खरंच चुकलं का?
— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : ताई, चुकलं. पण तुम्हाला लागलं आणि तुम्ही विचारलंत. मिसेस पार्डिगलला असा प्रश्न कधी पडलाच नाही.

इंग्रज लेखक चार्ल्स डिकन्सच्या 'ब्लीक हाउस' (१८५२-५३) या कादंबरीतली ही बाई. पाच मुलगे, त्यांच्या खाऊचे पैसेसुद्धा ती परस्पर दानाच्या यादीत लावते, आणि पोरं रागाने धुमसत असतात. एके दिवशी ती एका वीटभट्टी कामगाराच्या खोपटात शिरते. कोणी 'या' म्हटलेलं नसतं. घर गलिच्छ आहे का, तू दारू पितोस का, दिलेलं पुस्तक वाचलंस का, हे ती विचारणार हे त्या माणसाला इतकं पाठ झालंय की तोच प्रश्न विचारतो आणि तोच उत्तरं देतो. ती तरीही धर्मग्रंथ काढून वाचतच राहते. चुलीपाशी एक बाई मांडीवर तान्हं घेऊन बसलेली असते. डोळा मारहाणीने काळानिळा झालेला, तो ती हाताने झाकते. पार्डिगलबाई निघून जाते. तिच्यासोबत आलेल्या एस्थर आणि एडा या दोघी तरुण मुली मागे राहतात, बाळाची विचारपूस करायला वाकतात आणि तेवढ्यात ते बाळ जातं. एस्थर आपला रुमाल त्याच्यावर पांघरते.

त्या घरात खरी वस्तू आली ती तो रुमाल. वर्गात हा भाग शिकवताना माझा आवाज दरवेळी जड व्हायचा.

एलिझाबेथ गॅस्केलच्या 'नॉर्थ अँड साउथ'मध्ये (१८५४-५५) हीच गोष्ट सौम्यपणे येते. इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या खेड्यातून उत्तरेच्या गिरण्यांच्या गावात आलेली मार्गारेट, हिगिन्स नावाच्या कामगाराला नाव-पत्ता विचारते. तिच्या गावी पाद्र्याच्या मुलीने चौकशी केली की ती घरी येणार हे ठरलेलंच. हिगिन्स सांगतो, मला परकी माणसं घरात आवडत नाहीत. ती वरमते. मग तोच म्हणतो, तू इथे नवखी आहेस, माझ्या पोरीला स्वतःच्या हातातली फुलं दिलीस, वाटलं तर ये. म्हणजे घरात कोणी यायचं हे घरधन्याने ठरवलं. आपल्याकडे पाहुणा आधी पडवीत टेकतो, माजघरात कोणी बोलावल्याशिवाय जात नाही. ही रीत गरिबाच्या घरापाशी आपण का विसरतो?

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी माझ्या तळमजल्यात छातीभर चढलं. चाळीस वर्षांची पुस्तकं लगदा झाली. चौथ्या दिवशी मदतीची एक गाडी आली. मला चिखलात उभं करून तांदळाची पिशवी हातात दिली, "मॅडम, जरा वर धरा" म्हणाले आणि फोटो काढला. तांदूळ चांगले होते, मी ते खाल्ले, त्या लोकांची मी ऋणी आहे. पण तो फोटो अजून कुणाच्या तरी मोबाईलवर असेल, हे आठवलं की पोटात तुटतं. त्याच संध्याकाळी वरच्या वाडीतली एक बाई उकड्या तांदळाच्या पेजेचा टोप आणि खारातली मिरची घेऊन दारात थांबली. "बाई, आत येऊ?" मला तेव्हा दारसुद्धा धड नव्हतं.

पेजेवरून आठवलं. डिकन्सच्याच 'ऑलिव्हर ट्विस्ट' कादंबरीत सरकारी आश्रयगृहातल्या गरिबांना दिवसातून तीनदा पातळ पेज, आठवड्यातून दोनदा एक कांदा आणि रविवारी अर्धा पाव. हा निव्वळ एका व्यवस्थापकाचा कंजूषपणा नव्हता. इंग्लंडमधल्या गरिबांच्या मदतीविषयीच्या १८३४ च्या कायद्यामागे विचारच असा होता की सरकारी आश्रयगृहातलं जगणं बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुराहूनही वाईट असावं, म्हणजे अगदीच नाइलाज झालेलाच माणूस तिथे येईल. मदतीला लाज मुद्दाम जोडली होती. तुम्ही मुद्दाम जोडली नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण त्या आईपाशी ती पोचली.

देणगीदारांना हिशोब द्यायलाच हवा, त्यात वाद नाही. दुकानाच्या पावत्या पाठवा, वह्यांच्या गठ्ठ्यांचा फोटो पाठवा, मुख्याध्यापकांची सही घ्या. वह्या शाळेतूनच सगळ्या मुलांना वाटल्यात तर कोण गरीब ते वर्गाला कळणारही नाही. खर्च वाढेल, म्हणून छत्र्या पुढच्या वेळी राहू द्या. एवढ्याने भागत नसेल आणि चेहराच हवा असेल, तर त्या देणगीदाराला नम्रपणे नाही म्हणा.

आणि त्या आईकडे एकदा जा. मंडळ घेऊन नको, एकट्या. वह्याही नेऊ नका. बाहेरून हाक मारा आणि "माझं चुकलं" एवढंच सांगा. तिने पडवीत बसायला सांगितलं तर बसा, पाणी दिलं तर प्या.