सोडली आणि खोकला लागला

"मॅडम, ओढत होतो तेव्हा बरा होतो. सोडली आणि खोकला लागला."

दत्ताभाऊ (नाव बदललंय) खुर्चीत टेकायच्या आधीच बोलले. सिगारेट सोडून एकोणीस दिवस झाले होते. "सकाळी अर्धा तास बेसिनपासून हलत नाहीत, काळपट बेडके पडतात," वहिनींनी भर घातली. मग दत्ताभाऊंनी आवाज खाली आणून दुसरी तक्रार सांगितली : पोट साफ होत नाही.

तंबाखू सोडवायच्या कामात ही जोडगोळी मला नेहमी भेटते. टपरीवरचा मित्र सांगतो, "शरीराला सवय झालीय, एकदम सोडू नको." आणि माणूस विसाव्या दिवशी परत पेटवतो. खोकल्याची कल्पना मी पहिल्याच भेटीत द्यायला हवी होती. राहून गेली, ती चूक माझीच.

दत्ताभाऊ भोसरीत टर्नर आहेत, वय 51. सिगारेट अठ्ठावीस वर्षांची. विचारलं तर म्हणायचे, "दिवसाला पाच-सहा." पाकीट कधी घेतलंच नाही, कायम सुट्टी, त्यामुळे हिशेब कुठला! चहाबरोबरच्या, शिफ्ट सुटल्यावरच्या, जेवणानंतरच्या अशा एकेक मोजायला लावल्या, तेव्हा पंधरा भरल्या. सुट्टी सिगारेट विकायला महाराष्ट्रात 2020 पासून बंदी आहे म्हणे. टपऱ्यांना अजून कळलेलं दिसत नाही. आणि सुट्टी घेणाऱ्याला पाकिटावर छापलेला 1800-11-2356 हा मदतीचा मोफत क्रमांकही कधी दिसत नाही.

खोकल्याचं कारण सांगितलं. श्वासनळ्यांना आतून अतिसूक्ष्म केसांचं अस्तर असतं. धूळ आणि कफ ते सतत घशाकडे ढकलत असतं. धुराने ते लुळं पडतं आणि कफ आतच साचतो. सिगारेट थांबली की काही आठवड्यांत ते पुन्हा हलायला लागतं, आणि साचलेलं वर येतं.

"म्हणजे लाइन चोक होती, ती मोकळी व्हायला लागली."

तेच. पण इतकी वर्षं ओढलेल्या माणसाचा खोकला 'सोडल्यामुळेच असणार' असं मी कधी गृहीत धरत नाही. बेडक्यात रक्त, उतरलेलं वजन, बसलेला आवाज हे विचारलं, काही नव्हतं. तरी छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलंच. एक्स-रे स्वच्छ आला. मग स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुफ्फुसांची ताकद मोजायची तपासणी.

नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, आणि तंत्रज्ञ मुलगी अंगात आल्यासारखी ओरडत होती, "फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!" तिसऱ्या खेपेला दत्ताभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. पंपाचं औषध देऊन पुन्हा फुंकायला लावलं. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा 2.10 लिटर. त्यांच्या वयाच्या आणि उंचीच्या माणसाकडून अपेक्षा तीनच्या आसपास. एकूण फुंकलेल्या हवेतली 64 टक्केच पहिल्या सेकंदात आली होती. औषधानंतरही हा आकडा 70 च्या खाली राहिला तर नळ्या कायमच्या अरुंद झाल्याचं धरतात. डॉक्टरांनी निदान लिहिलं, सीओपीडी, म्हणजे नळ्या अशा कायमच्या अरुंद होण्याचा फुफ्फुसांचा आजार.

"भरून येईल ना?"

इथे गोड बोलायचा मोह फार होतो. मी सांगितलं, गेलेलं बहुतेक परत येत नाही. पण झिजायचा वेग बदलतो. कधीच न ओढलेल्याचीही पहिल्या सेकंदात हवा फुंकायची क्षमता वयाबरोबर वर्षाला 25-30 मिलिलिटरने उतरते. अमेरिका-कॅनडातल्या 'लंग हेल्थ स्टडी'त सुरुवातीचा सीओपीडी असलेल्या लोकांना 11 वर्षं तपासलं. ओढत राहिलेल्या पुरुषांची घट वर्षाला सरासरी 66 मिलिलिटर, सोडून तसेच टिकलेल्यांची 30.

आयुष्यभर मायक्रोमीटर हातात धरलेला माणूस. त्यांनी माझं पेन घेतलं, फाइलच्या पाठीवर 66 वजा 30 म्हणजे 36, गुणिले 20 वर्षं असं मांडलं. 720. "पाऊण लिटरला जरा कमी. माझ्याकडे आहेत दोन." पेन परत दिलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

हृदयाचं गणित जरा उदार असतं, तेही सांगितलं. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत उतरतो, आणि धुराने वाढलेला हार्ट अटॅकचा धोका साधारण वर्षभरात निम्म्यावर येतो.

पोटाचं सोपं होतं. निकोटीन आतड्यांना चाळवतं. ते बंद झालं की आतडी काही आठवडे सुस्तावतात. सकाळी कोमट पाणी, पेरू, पालेभाजी, चालणं. तलफ भागवायला दिलेला निकोटीनचा गम मात्र ते बडीशेपेसारखा चघळून रस गिळत होते, म्हणून उचक्या. चार-पाच वेळा हळू चावायचा, झणझणलं की गालात दाबून ठेवायचा, चव गेली की पुन्हा चावायचा. आणि चहानंतर लगेच नाही, पंधरा मिनिटांनी.

खोकला सव्वा महिन्याने ओसरला. मध्ये पुतण्याच्या हळदीला दोन ओढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला, आवाज अगदी शाळेतल्या पोरासारखा. पुन्हा पहिल्यापासून मोजू नका म्हटलं, दोन म्हणजे दोनच.

वर्षाने पुन्हा फुंकले. 2.13. वहिनींचा चेहरा पडला. "एवढं करून इतकंच?"

दत्ताभाऊंनी रिपोर्ट खिडकीच्या उजेडाला धरला. "अगं, उतरला नाहीये आकडा," म्हणाले, आणि पंपाची चिठ्ठी घेऊन औषधांच्या रांगेत जाऊन उभे राहिले.