मालिकेतील वेशभूषेवर खाते काढायचे असल्यास भाग नव्हे, कथेतील दिवस मोजावेत

‘सेक्स अँड द सिटी’ या अमेरिकी मालिकेच्या पोशाखांवर जसे इन्स्टाग्राम खाते आहे, तसे एखाद्या चालू मराठी मालिकेवर काढता येईल का आणि रोज एक नवा पोशाख दाखवण्याइतके साहित्य त्यातून मिळेल का, असे आपण विचारले आहे. खाते जरूर काढता येईल. रोज नवा पोशाख मात्र मिळणार नाही, आणि तो मिळत नाही यातच अशा खात्याची खरी गंमत आहे. ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या परिसरात चित्रित होणाऱ्या एका मालिकेच्या वेशभूषा विभागात मी काही काळ साहाय्यक होते, त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

आपण ज्या खात्याचा दाखला दिला आहे, ते चेल्सी फेअरलेस आणि लॉरेन गॅरोनी या दोघींनी २०१६ साली सुरू केले. मूळ मालिका १९९८ ते २००४ या काळातली असल्यामुळे तिचे सहाही हंगाम, म्हणजे ९४ भाग, त्यांच्यापुढे आधीच तयार होते. शिवाय पॅट्रिशिया फील्ड यांच्यासारखी वेशभूषाकार असल्यावर एकेका पोशाखावर लिहिण्यासारखे पुष्कळ असते. शीर्षकदृश्यात नायिकेने घातलेला तो प्रसिद्ध झालरीचा स्कर्ट फील्ड यांना अवघ्या पाच डॉलरना मिळाला होता. खाते चालवणाऱ्या त्या दोघींनी पोशाखांची केवळ आरती ओवाळली नाही, फसलेल्या पोशाखांची मनसोक्त थट्टाही केली, आणि खाते नावारूपाला येण्याचे श्रेय मी त्या थट्टेलाच अधिक देईन.

आपल्याकडच्या दैनंदिन मालिकेचे गणित निराळे आहे. भाग जवळजवळ रोज दाखवला जातो, परंतु कथेतील दिवस त्या गतीने पुढे सरकत नाही. डोहाळजेवण किंवा साखरपुडा असा एखादा समारंभ सुरू झाला की तो आठवडाभर, कधी त्याहूनही अधिक चालतो, आणि तेवढे दिवस सगळे घर त्याच साड्यांमध्ये वावरते. त्यामुळे ‘आजच्या भागातील साडी’ अशी नोंद ठेवल्यास आठवडाभर एकच चित्र टाकावे लागेल. त्याऐवजी कथेतील एक दिवस म्हणजे एक नोंद, असे धोरण आरंभीच ठरवावे. सेटवरही हिशेब असाच चालतो. एकाच दिवसाच्या कथेतील स्वयंपाकघरातले दृश्य आज आणि दाराशी होणारे दृश्य चार दिवसांनी चित्रित होऊ शकते. म्हणून दृश्य संपताच कलाकाराची पुढून, मागून, कानांची आणि मनगटांची छायाचित्रे काढली जातात. पदराच्या किती निऱ्या घेतल्या, पिन खांद्यावर नेमकी कुठे आहे, टिकली केवढी, मंगळसूत्र पदरावर आहे की आत, आणि हिरव्या बांगड्यांच्या मध्ये सोन्याची बांगडी कितवी, हे सारे त्यात दिसावे लागते. याला सगळे ‘कंटिन्युइटी’ म्हणतात, आणि ती चुकली की सर्वात आधी प्रेक्षकांना कळते. अशा चुका आपण दाखवाल, तर त्या जरूर दाखवाव्यात. फक्त त्याच सकाळी ड्रेसदादांना, म्हणजे सेटवर कपडे सांभाळणाऱ्यांना, दहा माणसांचे कपडे इस्त्री करून द्यायचे असतात, हे ध्यानात असू द्यावे.

आता साड्यांच्या पुनरागमनाविषयी. नायिकेने पाडव्याला नेसलेली साडी काही महिन्यांनी दुसऱ्या ब्लाउजवर येते, आणि पुढे कधीतरी तीच काकूंच्या अंगावर दिसते. यामागे खर्चाचा विचार असतो हे उघड आहे. तरीही मध्यमवर्गीय घरातील सुनेने ठेवणीतली साडी पुन्हा नेसणे हे नित्य नव्या साडीपेक्षा मला कितीतरी खरे वाटते. त्या अमेरिकी मालिकेतही नायिकेचा वर्तमानपत्राच्या छपाईचा डिऑर कंपनीचा पोशाख त्या मालिकेवरील २०१० च्या चित्रपटात पुन्हा दिसला आणि पाहणाऱ्यांनी तो लगेच ओळखला. कोणती साडी कोणाकडून कोणाकडे गेली आणि तिच्यावरचे ब्लाउज किती वेळा बदलले, याची नोंद सलग ठेवणारे खाते मी स्वतः आवडीने पाहीन.

‘ही साडी कुठे मिळेल’ हा प्रश्न प्रत्येक नोंदीखाली येईल. तेथे ‘हीच’ आणि ‘अशीच’ यांत काटेकोर भेद करावा. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा करून पाहिला तर नक्षी मागच्या बाजूनेही तितकीच स्वच्छ दिसते, आणि यंत्रमागावरच्या स्वस्त नकलेत मागे धागे लोंबत असतात; पडद्यावर पदराची मागची बाजू दिसत नाही, म्हणून केवळ मोर पाहून ‘येवल्याची पैठणी’ असे लिहून मोकळे होऊ नये. ठाण्यातील राम मारुती रस्ता, गोखले रस्ता किंवा जांभळी नाका येथे जाऊन तशी साडी हातात घेऊन पाहावी आणि मगच लिहावे. दागिन्यांच्या बाबतीत काम सोपे आहे, कारण मंगळसूत्र साडीसारखे रोज बदलत नाही. २०१३ साली सुरू झालेल्या ‘होणार सून मी ह्या घरची’ या मालिकेतील जान्हवीचे मंगळसूत्र बाजारात तिच्याच नावाने विकले जाऊ लागले, हे आपल्याला आठवत असेल.

कायद्याचे थोडक्यात सांगते. मालिकेतील दृश्यांवर निर्मात्यांचा व वाहिनीचा हक्क असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात समीक्षेसाठी मर्यादित वापराची सवलत आहे, म्हणून नुसती चित्रे न डकवता प्रत्येक चित्राखाली स्वतःचे काही लिहावे आणि दृश्यांचे लांबलचक तुकडे टाकू नयेत. एखाद्या दुकानाने पैसे किंवा साडी दिली असेल, तर ती जाहिरात असल्याचे ठळकपणे नमूद करावे. जाहिरात मानक परिषदेचे तसे नियम २०२१ पासून लागू आहेत.

पात्र निवडताना नायिकेचा मोह टाळावा, असे माझे मत आहे. तिला साधेपणाने बांधून टाकलेले असते, आणि तिच्यावर लिहिणारे पुष्कळ असतात. खलनायिकेच्या ब्लाउजचा गळा, बाह्या, लटकन, नथीची ठेवण यांवर वेशभूषाकार मनासारखा हात चालवू शकतो, म्हणून सुरुवात तिच्यापासून करावी.