टांझानियातली मका-तुरीची नोकरी: घ्यावी का?

तू विचारलंयस की लातूरच्या मोंढ्यातला अनुभव आहे, म्बेयाला मका-तूर खरेदीची ऑफर आलीय, तर जाऊ का आणि दोनेक वर्षांनी स्वतःचीच खरेदी सुरू करता येईल का. मी दार-ए-सलामला याच लाईनीत आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

स्वतःच्या खरेदीचं आधी डोक्यातून काढ. जुलै २०२५ ला इथल्या सरकारने परदेशी लोकांना १५ धंदे बंद केले, त्यात शेतावर जाऊन माल घेणं पण आलं. नोकरीसाठी क्लास बी परमिट लागतो, तो कंपनीने काढून द्यायचा. "आधी व्हिजिटवर ये, मग बघू" म्हणाले तर तिकीट काढूच नको.

आता धंद्याचं. तुला भाव कळतात, पण इथं भावाआधी बॉर्डर बघावी लागते. मार्च २०२१ ला केनियाने अफ्लाटॉक्सिनचं (बुरशीचं विष) कारण देऊन टांझानिया-युगांडाचा मका अचानक बंद केला, केनियाच्या बॉर्डरवर नामंगाला ट्रकांची रांग लागली, काही दिवसांत परत चालू पण सर्टिफिकेटच्या अटी घालून. २०२४ ला उलटं, झांबियात दुष्काळाने मका करपला आणि त्यांनी टांझानियाकडून साडेसहा लाख टनांचा करार केला, तो माल झांबियाच्या बॉर्डरवरच्या टुंडुमावरून जायचा होता. एप्रिल २०२५ ला टांझानियानेच मलावी आणि दक्षिण आफ्रिकेचा शेतमाल अडवला, कारण त्यांनी आधी इथला अडवला होता, तेही थोड्याच दिवसांत मिटलं. कागदावर एकच बाजार आहे म्हणतात, पण पांढरा मका म्हणजे इथं रोजची उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा), पीक कमी आलं की कुठलंही सरकार आधी गेट लावतं. आपल्याकडे कांद्याचं तेच होतं की, मला यात सरकारला फार दोष द्यावासा वाटत नाही, बंदी रात्रीत येते याचा मात्र वैताग आहे.

तुरीची गंमत वेगळीच, ती इथले लोक खातात पण मुख्य गिऱ्हाईक आपणच. ऑगस्ट २०१७ ला भारताने आयातीवर २ लाख टनांचा कोटा लावला आणि इथले भाव कोसळले, लातूरला शेतकरी वाचावा म्हणून जे केलं त्यात इथल्या मत्वाराचा मेला. २०२१ ला आयात परत मोकळी केली, तेव्हापासून मुदतवाढीवर चाललंय.

खरेदीत तुझं काम दोन गोष्टींचं असेल. ओलावा मीटरने बघणं, साडेतेरा टक्क्यांच्या वर असेल तर थप्पीत घेऊच नको, आणि लुंबेसा टाळणं, म्हणजे पोत्याच्या तोंडाला वरून जाळी शिवून शंभर किलोच्या भावात जास्तीचा माल भरून घेतात. कायद्याने बंदी आहे तरी चालतं. तू काट्यावरच घे, दलाल कितीही हसले तरी.

ऑफर लेटरमध्ये बोनस टनावर आहे का ते नीट वाच. असेल तर बॉर्डर बंद असलेल्या महिन्यांचं काय, आणि गोडाऊनमध्ये माल खराब झाला तर कोणाच्या नावावर, हे दोन्ही लेखी मागून घे, पगार शिलिंगमध्ये की डॉलरमध्ये तेही.