एक्सएमपी रोज सकाळी गायब होतं, बायोस अपडेट करू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कुडाळला घर, रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, ३२०० वेगाच्या दोन रॅम. बायोसमध्ये (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारं सेटिंग, लावून सेव्ह केलं की दिवसभर मशीन छान चालतं, पण सकाळी बघावं तर रॅम पुन्हा २१३३वर. प्रोसेसरचा व्होल्टेज कमी करणाऱ्या कर्व्ह ऑप्टिमायझरला उणे २० दिलंय, तेही कधी टिकतं, कधी नाही. दुकानदार म्हणतो रॅम बदला, मित्र म्हणतात बायोस अपडेट कर. आणि पावसात लाईट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून अपडेटला हात लावायची भीती.

रॅम घेऊ नका. आजार रेड्याला, औषध पखालीला असं व्हायचं. अपडेटही आजच नको. सेटिंग गेलेलं असेल त्या सकाळी थेट बायोसमध्ये जा आणि तिथलं घड्याळ बघा. विंडोजमधलं नको, ते इंटरनेटवरून वेळ दुरुस्त करून घेतं.

तारीख-वेळ पण गेली असेल तर प्रकरण बायोसचं नाहीच, घड्याळ आणि सेटिंग जपणाऱ्या, बोर्डावरच्या सीआर२०३२ सेलचं आहे. पाऊस सुरू झाला की विजांच्या भीतीने आपण रात्री प्लग काढून ठेवतो, आणि ते योग्यच आहे. पण प्लग चालू असतो तोवर एसएमपीएस (मशीनचा पॉवर सप्लाय) बोर्डाला पाच व्होल्टची स्टँडबाय वीज देत राहतो, त्यामुळे मरायला टेकलेला सेलही खपून जातो. प्लग काढला की सगळा भार सेलवर. मग मे महिन्यापर्यंत सरळ चाललेलं मशीन जूनमध्ये सगळं विसरायला लागतं. मल्टिमीटर असेल तर सेल मोजा. नवा सेल तीनच्या थोडा वरच दाखवतो, २.८च्या खाली आला असेल तर सरळ बदला. सेलबरोबर त्याची खाचही बघा. मालवणात अगदी किनाऱ्याजवळच्या एका घरातलं मशीन माझ्याकडे आलं होतं. नवा कोरा सेल, तरी तीच तक्रार. टॉर्च मारून पाहिलं तर खाचेतल्या पत्र्याच्या पट्टीवर हिरवट-पांढरा थर, खाऱ्या वाऱ्याची कृपा. आयसोप्रोपाइलने पट्टी पुसली, टोकाने जराशी वर उचलली, आणि तक्रार संपली.

घड्याळ बरोबर, पण रॅम २१३३वर असेल तर गोष्ट वेगळी. मशीन गार असताना सुरू केलं की बोर्ड रॅमशी जुळवून घेतो, याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. ते काही वेळा फसलं की बोर्ड मुकाट्याने सुरक्षित वेगावर येतो. गरम मशीन रीस्टार्ट केल्यावर सगळं ठीक आणि सकाळी बोंब, हे त्याचंच लक्षण. इथे खरोखर फर्मवेअरचा, म्हणजे बायोसचाच, हात असू शकतो, कारण 'ऑटो'वर ठेवलेले रॅमचे टायमिंग आणि व्होल्टेज बायोसच ठरवतो. एका बोर्डावर मी एक्सएमपी निवडलं, टायमिंग नीट भरले गेले, पण हार्डवेअर मॉनिटरच्या पानावर रॅमचा व्होल्टेज १.२च. डीडीआर४च्या ३२००च्या बहुतेक एक्सएमपी रॅमना १.३५ लागतो. हाताने १.३५ टाइप केल्यावर गाडी रुळावर आली. असला बग रिलीज नोटमध्ये क्वचितच कबूल केलेला असतो. तुमच्या रॅमच्या स्टिकरवर काय लिहिलंय ते बघूनच आकडा भरा.

पण हे तपासायच्या आधी कर्व्ह ऑप्टिमायझर शून्यावर आणा. उणे २० प्रत्येक कोअरला झेपतंच असं नाही, आणि न झेपणारा कोअर गेम खेळताना नाही, तर मशीन नुसतं बसलेलं असताना रीबूट मारतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीआ-लॉगरची (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुका टिपणारा) १८ किंवा १९ नंबरची नोंद दिसली तर दोष कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये शोधा. शिवाय हे सेटिंग अनेक बोर्डांवर दोन ठिकाणी असतं, एक कंपनीच्या स्वतःच्या मेनूत आणि एक 'एएमडी ओव्हरक्लॉकिंग'मध्ये. दोन्हीकडे वेगवेगळं भरलं तर कोणाचं चालेल ते सांगता येत नाही. एकाच जागी भरा.

(सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये रॅमचं १६०० दिसलं म्हणून घाबरू नका. डीडीआर (डबल डेटा रेट) असल्याने तो आकडा दुप्पट धरायचा.)

बग आहे की नाही हे ठरवायचं तर डिफॉल्ट लोड करा, फक्त एक्सएमपी लावा, बायोसच्या त्या पानाचा मोबाइलने फोटो घ्या, रात्रभर प्लग काढा, सकाळी त्याच पानाचा दुसरा फोटो. सेल चांगला, व्होल्टेज हाताने भरलेला, रॅमचा वेग २९३३ ठेवला तर नीट टिकतं पण ३२००वर नाही, इथपर्यंत आलात तर आता अपडेट करायला हरकत नाही. एएमडी बोर्डांच्या बायोसमध्ये एजेसा नावाचा भाग खुद्द एएमडीकडून येतो, आणि रॅमच्या सुधारणा बऱ्याचदा त्यातच असतात. असे बदल नुसते नावापुरते नसतात. २०२३मध्ये रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर जळायला लागले, तेव्हा प्रोसेसरमधल्या एसओसी भागाच्या व्होल्टेजला १.३ची मर्यादा अशाच अपडेटने घातली गेली. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीलाही २०२४मध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम) बदलूनच वाढीव व्होल्टेज आवरावा लागला. तिथे गेम 'व्हिडिओ मेमरी संपली' असा एरर देत होते आणि लोक ग्राफिक्स कार्ड बदलत बसले होते.

अपडेट विंडोजमधून नको, बायोसमधूनच, फॅट३२मध्ये फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवरून. यूपीएस लावा, पण आधी प्लग काढून तो मशीन दहा मिनिटं तरी ओढतो का ते बघा. तीन-चार वर्षं जुन्या यूपीएसवर भरवसा नको. ढग गडगडत असतील तर दुसरा दिवस धरा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, कारण अपडेटनंतर एफटीपीएम (त्या कुलपाची चावी ठेवणारा भाग) रिकामं होऊन ती मागितली जाऊ शकते. 'बीटा' लिहिलेली आवृत्ती टाळा, आणि मागे परतता येणार नाही असं रिलीज नोटमध्ये लिहिलंय का ते वाचा. झाल्यावर सीमॉस क्लिअर करा, म्हणजे साठवलेली सेटिंग पुसा, आणि सेटिंग हाताने भरा. जुनं सेव्ह केलेलं प्रोफाइल नव्या आवृत्तीत लोड केलं तर आकडे भलत्याच खान्यात जाऊन बसू शकतात.

तरीही सुटलं नाही तर कंपनीच्या सपोर्टला ते दोन्ही फोटो, बायोसची आवृत्ती आणि रॅमच्या स्टिकरवरचा पूर्ण पार्ट नंबर पाठवा. नुसतं 'एक्सएमपी चालत नाही' लिहिलंत तर उत्तरात 'रॅम बदलून बघा' एवढंच येईल, आणि ते तर दुकानदाराने आधीच सांगितलंय.