ही हॉकी की हाणामारी?

प्रश्न : कॅनडात मुलीकडे गेलो असताना जावयांबरोबर टीव्हीवर एनएचएलचा (उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगचा) सामना पाहिला. मध्येच दोघांनी हातमोजे फेकले आणि एकमेकांना बुकलायला सुरुवात केली. पंच नुसते उभे! वर प्रेक्षकांच्या टाळ्या. तुम्ही या आइस हॉकीचं एवढं कौतुक करता, पण याला खेळ म्हणायचं का?

उत्तर : म्हणायचं. आधी पंचांची बाजू घेते, कारण त्यांच्यावर अन्याय झालाय. लाइन्समन, म्हणजे सहायक पंच, तमाशा बघत नसतात, मध्ये शिरायची वेळ बघत असतात. घाईने एकाचे हात धरले, तर दुसऱ्याला फुकटचे ठोसे मारायला मिळतात. शिवाय पायाखाली स्केट्सची धारदार पाती. म्हणून एक जण पडेपर्यंत किंवा दोघं दमेपर्यंत ते थांबतात आणि मग झडप घालतात. नंतर दोघांची पाच-पाच मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये, म्हणजे शिक्षा भोगायच्या बाकावर, रवानगी. उगाच कुरापत काढणाऱ्याला त्यावर आणखी शिक्षा. टाळ्यांबद्दल काय बोलू? भांडण बघायला गर्दी कुठे जमत नाही?

तरी मारामारीची वकिली मी करणार नाही. ऑलिंपिकमध्ये मारामारी करणारा सरळ सामन्याबाहेर जातो आणि तिथली हॉकी काही बेचव होत नाही.

माझी वकिली आहे ती बॉडी चेकसाठी, म्हणजे अंगाने दिलेल्या धडकेसाठी. लांबून तीही मारामारीच वाटते. पक (चेंडूऐवजी असलेली रबरी चकती) घेऊन कोणी कडेच्या फळीलगत सुसाट येतो. बचावपटू आतल्या बाजूने तिरका सरकत त्याची वाट अरुंद करत नेतो, आणि नेमक्या क्षणी खांदा त्याच्या छातीला भिडवतो. पक सुटतो, बचावपटूचा साथीदार तो उचलून निघूनही जातो. अर्धा सेकंद उशीर झाला आणि पक पुढे गेलेला असला, तर तोच धक्का गुन्हा ठरतो : दोन मिनिटं बाहेर, आणि संघाला एक खेळाडू कमी. हे कसब काढून टाकलं तर खेळाचा अर्धा जीव जाईल.

टीकाकार नेहमी दोन नावं पुढे करतात. २००० मध्ये मार्टी मॅकसॉर्लीने डोनाल्ड ब्रॅशियरच्या डोक्यात काठी घातली. २००४ मध्ये टॉड बर्टुझीने स्टीव्ह मूरला मागून ठोसा मारला आणि मूर पुन्हा एनएचएलमध्ये खेळू शकला नाही. दोन्ही प्रकरणं कोर्टात गेली, दोघंही दोषी ठरले, आणि त्याआधी लीगनेही त्यांना बाहेर बसवलं होतं. नियम मोडणाऱ्यांची ही उदाहरणं. त्यावरून नियमांनाच रानटी ठरवणं मला पटत नाही.

एका टीकेला मात्र माझ्याकडे उत्तर नाही : डोकं. मार्क सॅव्हर्डला २०१० मध्ये खांद्याचा जबर मार डोक्यावर बसला, तेव्हा मारणाऱ्याला शिक्षासुद्धा झाली नाही, कारण तसा नियमच नव्हता. तो नियम त्यानंतर आला. मारामारीसाठीच ओळखला जाणारा डेरेक बूगार्ड २०११ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी गेला. तपासणीत त्याच्या मेंदूला झालेली इजा दिसली. इथे लीगने फार उशीर केला. बोल लावायचाच तर तो इथे लावा.

पुढचा सामना बघताना पकवरची नजर थोडी काढा आणि एकाच बचावपटूकडे बघत राहा. अडलं तर जावयांना विचारा. ते खूश होऊन सांगतील.