पल्सर 220 चा पुढचा टायर 90/90-17 काढून 110/70-17 टाकला, तर गाडी घाटात चांगली वळेल का?

नका टाकू. 90/90-17 च घ्या, पण नवा घ्या.

तुम्ही लिहिलंय की टायर 24 हजार किलोमीटर चाललाय, त्यातलं बहुतेक धावणं रोजच्या सरळ हायवेचं. ताम्हिणी घाटात वळणावर गाडी ‘आधी अडते आणि मग एकदम आत पडते’, आणि दुकानदाराच्या मते रुंद टायरने ग्रिप वाढेल. मला त्या ‘अडते आणि पडते’मध्येच सगळं उत्तर दिसतं. हे लक्षण अरुंद टायरचं नाही, गोलाई गेलेल्या टायरचं आहे.

टायरचं ‘प्रोफाइल’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो, तिथेच घोळ होतो. 90/90-17 मधला पहिला आकडा म्हणजे रुंदी मिमीत, शेवटचा म्हणजे रिमचा व्यास इंचांत, आणि दुसरा म्हणजे उंची, रुंदीच्या टक्क्यांत: 90 मिमीच्या 90 टक्के, म्हणजे 81 मिमी. घाटात मात्र महत्त्वाचा असतो टायरचा आडवा आकार. टायर मधोमध कापला तर वरची कमान कशी दिसेल, तो आकार. गाडी कलते तेव्हा रस्त्याला टेकणारा भाग या कमानीवरून बाजूला सरकत जातो. कमान एकसारखी गोल असेल तर गाडीही एकसारखी कलते, हातांना पुढचा अंदाज येतो. सरळ रस्त्यावर मधला भाग घासून सपाट झाला की त्या सपाटीच्या दोन्ही बाजूंना कड तयार होते. कडेपर्यंत गाडी कलायला तयार नसते, हँडलला जोर द्यावा लागतो. कड ओलांडली की ती झपकन आत जाते. तुमचं नेमकं हेच होतंय.

टायरवर हात आडवा फिरवून बघा, कड बोटांना लागेल. त्याआधी गाडी थंड असताना हवा मात्र तपासा. कमी हवेनेही हँडल असंच जड लागतं, आणि ते दुखणं फुकटात बरं होतं.

आता ग्रिपबद्दल. पुढच्या चाकावर समजा 100 किलो भार आहे आणि हवा 25 पीएसआय, म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण पावणेदोन किलो. भागाकार केला तर रस्त्याला टेकणारी जागा 57 चौरस सेंटीमीटरच्या आसपास येते, तुमच्या तळहाताहूनही लहान. टायरच्या कडकपणामुळे यात फरक पडतो, पण भार आणि हवा तेवढीच ठेवून रुंद टायर घातला तर ही जागा फारशी वाढत नाही. तिचा आकार बदलतो, ती आडवी पसरते आणि लांबीला आखडते. दुकानात हे कोणी सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण लोक चांगल्या हेतूने पैसे घालवून गाडी बिघडवून घेतात.

मीही घालवले आहेत. माझ्या आधीच्या दीडशे सीसीच्या गाडीला मी हाच 110/70 बसवला होता. हा टायर साधारण 3 इंची रिमसाठी बनतो आणि माझी रिम त्याहून बरीच अरुंद होती. अशा रिमवर टायरच्या दोन्ही भिंती आत चेपल्या जातात आणि कमान मध्ये टोकदार होते. उभ्या गाडीला रुबाब आला होता, पण वरंधा घाट उतरताना हँडलला नुसता हात लावला तरी गाडी आत झेपावायची. अजून थोडी कलली की टायर खाली पिळवटल्यासारखा वाटायचा, तो कुठे धरतोय ते कळायचंच नाही. कडेची बोटभर रबर शेवटपर्यंत कोरी राहिली, कारण ती रस्त्याला लागतच नव्हती. दोन महिन्यांत मी जुना साइज परत घातला.

केटीएम ड्यूक 390 ला पुढे 110/70-17 छान चालतो, पल्सर एनएस 200 ला 100/80-17. पण त्यांची रिम, फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) आणि फ्रेम त्याच मापाने बनवलेली आहे. तुमच्या रिमची रुंदी रिमवरच कोरलेली असते, बघून घ्या. त्या रुंदीला टायर कंपनीच्या तक्त्यात जो साइज बसत नाही, तो कोणी कितीही आग्रह केला तरी घेऊ नका.

आणखी एक गोष्ट आहे, जी घाटात जिवावर बेतू शकते. कललेल्या गाडीत टायर मध्यरेषेवर टेकलेला नसतो, आतल्या बाजूला टेकलेला असतो. अशात पुढचा ब्रेक दाबला की ती ओढ हँडलला वळणाच्या आत फिरवते, आणि गाडी कललेली राहायचं सोडून सरळ उभी होऊ लागते, बाहेरच्या बाजूला सरकते. टायर जितका रुंद, तितकं हे अंतर जास्त आणि झटकाही मोठा. आंधळ्या वळणावर समोरून एसटी आली की आपण नेमका तोच ब्रेक दाबतो.

उंचीचंही थोडं सांगतो, कारण बुलेटवाले मित्र हे फार करतात. रॉयल एनफिल्डच्या जुन्या क्लासिक 350 ला पुढे 90/90-19 च्या जागी 100/90-19 घातला की चाकाचा व्यास 18 मिमीने वाढतो, पुढची बाजू 9 मिमी वर येते आणि हँडल सुस्त होतं. सरळ रस्त्यावर ते बरंही वाटतं. तुमच्या बाबतीत 110/70 ने व्यास 8 मिमीने घटेल, म्हणजे पुढची बाजू 4 मिमी खाली. एवढ्याने फार बिघडत नाही, खरा त्रास रिमचाच आहे.

नवा टायर बसवताना त्यावरचा फिरण्याच्या दिशेचा बाण स्वतः बघा, आणि पुढच्या चाकासाठी बनलेलाच टायर घ्या. पहिले शे-दीडशे किलोमीटर ओल्या रस्त्यावर गाडी जास्त कलवू नका, नवी रबर निसरडी असते. मागच्या टायरवरही तसाच आडवा हात फिरवा. तोही मध्ये सपाट झाला असेल तर दोन्ही एकदमच बदला, नाहीतर पुढचा गोल आणि मागचा चपटा अशा जोडीने वळणात गाडीचं मागचं अंग वेगळंच वागेल.