अंगठा बधिर झाला, तरी मी गप्प राहिले

प्रश्न : मी ३४ वर्षांची. हात बांधून घेण्याचा खेळ आम्हा नवरा-बायकोला आवडतो, दोघांच्या मर्जीने चालतो. परवा रेशमी स्कार्फची गाठ आवळली, अंगठा बधिर झाला. रंगाचा बेरंग नको म्हणून बोलले नाही. अजून मुंग्या येतात.

उत्तर : आवडण्यात काहीच गैर नाही, ताई. तुम्ही गप्प राहिलात, त्याची मात्र मला फार काळजी वाटते. मनगटाजवळ अंगठ्याच्या बाजूने एक नस अगदी कातडीखालून जाते. तिच्यावर दाब आला की अंगठ्याची मागची बाजू बधिर होते. मुंग्या अजून आहेत ना? मग डॉक्टरांना दाखवाच, संकोच नको.

रेशमी कापड ओढलं की गाठ आणखी आवळते. रुंद, मऊ पट्टा घ्या, आत दोन बोटं सहज जायला हवीत. बोथट टोकाची कात्री हाताशी असू द्या. बांधलेल्या माणसाला एकटं सोडून जायचं नाही. गळ्यावर दाब तर कधीच नको, त्याची सुरक्षित पद्धतच नाही.

‘नको’ हा शब्द कधी खेळातलाच असतो, म्हणून वेगळा शब्द ठरवा : ‘पिवळा’ म्हणजे सैल कर, ‘लाल’ म्हणजे सोड. तोंड बांधलेलं असेल तर मुठीत किल्ल्यांचा जुडगा धरा. तो पडला की सगळं थांबलं. तासाभरापूर्वी दिलेला होकार मधेच मागे घेता येतो, कारण न सांगताही.

हे त्यांना आजच सांगा, दिवसाउजेडी, शांत बसून. तुमचा हात दुखावला हे त्यांना अजून माहीतच नाही.